वजनाचं ऑपरेशन : ‘सर्जन कोणता निवडू?’

जळगावात समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसणारे कितीतरी जण हेच विचारतात. नाव मी सांगत नाही, ते माझं काम नव्हे. पण या प्रश्नाच्या पोटात दुसराच प्रश्न असतो. अमळनेरकडच्या एका ताईंकडे तो मला लख्ख दिसला. ओळख बदलून लिहितेय.

वजन 118 किलो, मधुमेह, गुडघे दुखरे. नाशिक, सुरत, मुंबई फिरून झालेलं, पिशवीभर फायली. “ताई, माले भ्याव वाटस. कोणाकडे केलं म्हणजे काहीच होणार नाही, तेवढं सांगा.”

“डॉक्टरांना काय काय विचारलंत?”

“हे बोलले. दीर बोलले.”

“आणि तुम्ही?”

“मी वजनकाट्यावर उभी राहिले.”

पुढची बरीच सत्रं आम्ही या एका वाक्यावर घालवली. मी विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते. ‘काहीच होता कामा नये’ हा हट्टच माणसाला निर्णयापाशी थिजवतो, हे मी वर्षानुवर्षं बघतेय. टाक्यांमधून गळती, रक्तस्राव, पायातली गुठळी फुप्फुसात जाणं या गोष्टी क्वचित घडतात, पण घडतात. हे सांगितल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “त्या तिघांतला एक म्हणाला होता, शंभर टक्के सेफ. म्हणजे आधी त्यालाच काढायचा ना?”

हे मी त्यांच्या तोंडी घातलेलं नव्हतं. म्हणूनच त्या दिवशी मला फार समाधान वाटलं.

मग प्रश्न त्यांनीच वहीत उतरवले. अशी ऑपरेशनं तुम्ही स्वतः वर्षाला किती करता? किती जणांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं? मला स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून त्याची नळी करणं) का, बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडणं) का नाही? आहारतज्ज्ञ तुमच्या टीममध्ये आहे का? खान्देशातल्या माणसाने आणखी एक विचारायलाच हवं: घरी आल्यावर ताप, पोटदुखी, नाडी जोरात असं झालं, तर रात्री फोन कोण उचलणार आणि जळगाव-धुळ्यातल्या कोणत्या डॉक्टरांशी तुम्ही बोलाल? मुंबई चारशे किलोमीटरवर आहे. शिवाय बी-12, लोह, कॅल्शियम आणि रक्ततपासण्या जन्मभराच्या, त्यामुळे ज्याच्याकडे वारंवार जाता येईल असाच सर्जन बघा. विम्याचंही आधीच विचारा. साधारणपणे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) 40, किंवा 35 आणि सोबत गंभीर आजार, अशी अट असते.

सर्जनच्या पुढच्या भेटीत ताई स्वतः बोलल्या. प्रश्न विचारता विचारता सहज सांगून गेल्या, की रात्री घशाशी आंबट येतं, उशा रचून झोपावं लागतं. सर्जनने पेन खाली ठेवलं. स्लीव्हनंतर हा त्रास वाढू शकतो; त्यांनी आधी एंडोस्कोपी करायला सांगितली आणि बायपासचा विचार मांडला. इतक्या फायलींत ही जळजळ कुठेच लिहिलेली नव्हती. नवऱ्यालाही ती ठाऊक नव्हती.