प्रश्न वाचकांचे : घाटातली गाडी आणि पळता उजेड

पावसाळा सुरू झाला की रेल्वे आणि घाटाच्या फोटोंबद्दल इंदूर-महूकडच्या वाचकांची पत्रं वाढतात. त्यातले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : ऑगस्टमध्ये पातालपाणी–कालाकुंड हेरिटेज गाडीचे फोटो काढायला गेलो होतो. ऊन-सावलीचा खेळ चालू होता. कॅमेरा ऑटोवर होता. गाडी वळणावर आली आणि निम्मे फोटो पांढरेफटक, निम्मे काळपट आले. गाडी परत मिळाली नाही. काय चुकलं? — राजेंद्रनगर, इंदूर

ऑटोवरचा कॅमेरा प्रत्येक फोटोला नव्याने मोजमाप करतो आणि चौकटीतल्या सगळ्या उजळपणाचा मध्य काढतो. वळणावर आधी दाट हिरवी झाडी, मग डबे, मग डब्यांच्या वर आभाळाचा पांढरा तुकडा. चौकट बदलली की माप बदललं, त्यात ढगही सरकत होता. म्हणून उजेड गाडी यायच्या आधीच मोजून ठेवायचा आणि मॅन्युअलवर जायचं.

निदान अर्धा तास आधी जागेवर पोहोचा. रुळांच्या बाजूचं, गाडी येणार त्याच उजेडातलं गवत चौकटभर घ्या आणि कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर बघा. हिरवं गवत साधारण मध्यम उजळपणाचं असतं, त्यामुळे त्याचं माप विश्वासाचं. स्वच्छ उन्हात ते छिद्र एफ/८, शटर १/५०० सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० च्या आसपास येईल. ढग आडवा आला की उजेड दोन स्टॉपने उतरतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). छिद्र आणि शटर तसंच ठेवून आयएसओ ४०० करा, आणि काळाकुट्ट ढग असेल तर ८००. बहुतेक कॅमेऱ्यांत चकतीची एक टिचकी म्हणजे एक तृतीयांश स्टॉप. म्हणजे उन्हातून ढगात सहा टिचक्या, दाट ढगात नऊ. कॅमेऱ्यात न बघता बोटाला हे अंतर कळेपर्यंत घरी गच्चीवर सराव करा. गाडीची वाट बघताना रुळांकडे बघू नका, समोरच्या डोंगराकडे बघा. ढगाची सावली तिकडच्या उतारावरून सरकत येताना स्पष्ट दिसते आणि तुमच्यापर्यंत यायला तिला किती वेळ लागेल याचा अंदाज बांधता येतो.

१/५०० पुरेल का, असं वाटेल. घाटात ही मीटरगेज गाडी हळू चालते. ताशी २० किमी धरलं तर सेकंदाला साडेपाच मीटर, म्हणजे १/५०० सेकंदात जेमतेम १ सेंटीमीटर. तुमच्या चौकटीत रुळांची ६० मीटर लांबी येत असेल आणि फोटो ६००० पिक्सेल रुंद असेल, तर एक पिक्सेल म्हणजे बरोबर १ सेंटीमीटर. हलल्याचं दिसणार नाही. इथे १/२००० लावणं म्हणजे दोन स्टॉप उजेड फुकट घालवून फोटोत दाणे ओढवून घेणं.

फोकसही आधीच करा. रुळाशेजारचा एखादा ठळक दगड किंवा खांब निवडा, त्यावर फोकस करून मॅन्युअलला लॉक करा आणि इंजिन तिथे आलं की बटण दाबा. क्रॉप सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर) ८५ मिमी लेन्स, एफ/५.६ आणि ३० मीटर अंतर असेल तर साधारण २० ते ५५ मीटरपर्यंत सगळं नीट दिसतं. इतका पल्ला असताना ओल्या पानांमधून ऑटोफोकसला इंजिन शोधायला लावायची गरज नाही. तो नेमका पुढच्या फांदीवर अडकतो.

उभं राहायची जागा मात्र रुळांपासून दूर, उतारावर किंवा रस्त्यावर शोधा. विनापरवाना रुळांवर शिरणं रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. महू छावणी आहे, त्यामुळे लष्करी हद्दीकडे कॅमेरा रोखू नका.

प्रश्न : हेरिटेज गाडी दुपारच्या आसपास असते. दुपारचा उजेड वाईट म्हणतात. मग फोटो काढायचेच नाहीत का? — महू

काढायचे, पण महिना बघून. इंदूर २२.७ अक्षांशावर आहे आणि भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या बरंच पश्चिमेला, म्हणून सूर्य माथ्यावर बारा वाजता नाही, सरासरी साडेबाराच्या आसपास येतो. ऑगस्टच्या मध्यावर तो तेव्हा क्षितिजापासून ८१ अंशांवर असतो. डब्याच्या छताची सावली खिडक्यांवर पडते, इंजिनाचा खालचा भाग काळा होतो. अशा दिवशी ऊन पडलं तर वाट बघा आणि ढग आल्यावरच काढा. ढगाळ आभाळ हाच ऑगस्टचा चांगला उजेड. आभाळ चौकटीत मात्र कमीत कमी घ्या, पांढरा पट्टा फोटो खातो.

डिसेंबरच्या अखेरीस तोच सूर्य दुपारी फक्त ४४ अंशांवर असतो आणि दक्षिणेला. घाटात रूळ वळणं घेत दक्षिणेकडे उतरतात. त्यामुळे खाली जाणाऱ्या गाडीच्या पुढे उभं राहून उत्तरेकडे बघितलं की इंजिनाच्या तोंडावर छान ऊन पडतं. हिरवाई नसते, गवत पिवळं असतं, पण इंजिनाचा आकार आणि रंग उठून दिसतो. गाडीचे दिवस आणि वेळा हंगामागणिक बदलतात, निघण्याआधी तपासा. ही गाडी २०१८ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि मधल्या काळात बंदही राहिलेली आहे.

प्रश्न : इंदूर–नागपूर वंदे भारतचा पांढरा रंग फोटोत राखाडी येतो, आणि पुढच्या पाटीवरची अक्षरं अर्धवट. — सुदामानगर, इंदूर

दोन वेगळी कारणं. पांढरी गाडी चौकट भरून आली की मीटर तिला मध्यम राखाडी समजतो. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवा. गाडी लहान आणि भोवती गर्द झाडी असेल तर उलट घडतं, पांढरा रंग जळतो, तेव्हा अर्धा स्टॉप कमी करा. वर सांगितल्याप्रमाणे गवतावर मोजलं तर ही कसरत उरत नाही. रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा आणि हिस्टोग्रामचं, म्हणजे उजळपणाच्या आलेखाचं, उजवं टोक कापलं जातंय का ते बघा.

एलईडी पाटीवरच्या ओळी आळीपाळीने पेटतात. डोळ्याला ते कळत नाही, १/१००० च्या शटरला कळतं. पाटी पूर्ण हवी असेल तर १/१२५ च्या आसपास उतरावं लागेल, पण ताशी १०० किमीच्या गाडीला १/१२५ मध्ये २२ सेंटीमीटर सरकायला वेळ मिळतो. म्हणून पाटीचा फोटो स्टेशनात शिरताना, गाडी मंदावल्यावर, समोरून. धावती गाडी बाजूने टिपायची तर १/१००० ठेवा आणि पाटीचा मोह सोडा.

प्रश्न : खिडकीतून मोबाइलवर इंजिन आणि दरी एकत्र कसं घ्यावं? — रामबाग, इंदूर

मागच्या डब्यांत बसा. गाडी तुमच्या बाजूला वळली की इंजिन दिसतं, दुसऱ्या बाजूला वळली तर नाही. दरीवर बोट दाबून धरून एक्स्पोजर लॉक करा आणि खालच्या पट्टीने किंचित कमी करा. मोबाइल काचेला अगदी लगटून धरा, भोवती गडद रुमाल. आतलं प्रतिबिंब जातं. हात खिडकीच्या चौकटीला टेकवू नका, थरथर सरळ फोटोत येते. दारात लटकू नका.

प्रश्न : पातालपाणीला पोहोचून कॅमेरा बाहेर काढला की लेन्सवर धुकं बसतं. पुसलं की परत येतं. — लोकमान्यनगर, इंदूर

मोटारीतल्या एसीने लेन्स थंड होते आणि बाहेरच्या दमट हवेतलं पाणी तिच्यावर जमतं. पुसल्याने काच गरम होत नाही, म्हणून ते परत येतं. शेवटचा अर्धा तास एसी बंद करून काचा उघडा, किंवा बॅग बंद ठेवूनच बाहेर अर्धा तास थांबा. त्या वेळात लेन्स बदलू नका, नाहीतर ओलावा आत जातो.

धबधबा काढताना पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावला तर ओल्या खडकांची चकाकी जाते आणि हिरवा रंग खोल होतो, पण दीड ते दोन स्टॉप उजेड जातो. पाणी रेशमासारखं हवं असेल तर तिपाई आणि पाव ते एक सेकंद. गढूळ पूर मात्र १/५०० लाच जिवंत दिसतो. आणि पात्रात उतरायचं नाही. वर घाटात पाऊस झाला की इथे ऊन असताना लोंढा येतो. २०११ च्या जुलैत इथेच माणसं वाहून गेली होती.

घरी आल्यावर कॅमेरा आणि लेन्स पंख्याखाली तासभर कोरडे होऊ द्या, मग हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. ओलसर बॅगेत रात्रभर राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये ११०–१२० अंशांवर दोन तास तापवा, पुन्हा निळे होतात. केशरी दाण्यांचा रंग हिरवा पडतो, कृती तीच.