एच-इंडेक्स १९ म्हणजे कमी का?

प्रश्न : निवड समितीपुढे दोन अर्ज आहेत. एक रेणवीय आणि विकासात्मक जीवशास्त्रातला, एच-इंडेक्स १९. दुसरा कर्करोग संशोधनातला, एच-इंडेक्स ४१. दोघांचा अनुभव सारख्याच वर्षांचा. पहिला उमेदवार कमी पडतो असं समजावं का?

उत्तर : एवढ्यावरून मुळीच नाही. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये हा निर्देशांक सुचवला. १९ म्हणजे त्या व्यक्तीच्या १९ शोधनिबंधांना प्रत्येकी किमान १९ सायटेशन्स आहेत, म्हणजे इतर निबंधांनी त्यांचा तितक्या वेळा संदर्भ दिला आहे. वेगवेगळ्या विषयांतले आकडे एकाच मापाने मोजता येत नाहीत, हे हिर्श यांनी त्याच निबंधात दाखवलं होतं. कर्करोगावर काम करणारे संख्येने खूप जास्त, म्हणून एकमेकांचे निबंध उद्धृत करणारेही जास्त.

शिवाय पहिल्या उमेदवाराच्या विषयात, म्हणजे गर्भ कसा घडतो याच्या अभ्यासात, प्रयोगातल्या प्राण्याचा स्वतःचा वेग असतो. उंदराचा गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा. पण पिल्लू वयात यायला आणखी सहा ते आठ आठवडे जातात. दोन जनुकं निकामी झालेलं भ्रूण हवं असेल तर आधी दोन्ही जनुकांच्या दोन प्रतींपैकी एकेकच निकामी असलेले उंदीर तयार करायचे, मग त्यांचा संकर करायचा, आणि तरीही हवं ते भ्रूण सोळांत सरासरी एकच मिळतं. ते नेमक्या दिवशी काढून, त्याचे काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. अशा कामातून वर्षाला चार निबंध निघत नाहीत, आणि निघाले तर मला आधी शंका येईल. दोघांकडून त्यांचे सर्वोत्तम तीन निबंध मागवा आणि समितीत बसून ते खरोखर वाचा.

प्रश्न : सर्वांत जास्त सायटेशन्स असलेला निबंध म्हणजे सर्वांत मोठा शोध, बरोबर ना?

उत्तर : नाही. सायटेशन्सच्या यादीत वर्षानुवर्षं अग्रस्थानी आहे तो ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा निबंध. तीन लाखांहून अधिक सायटेशन्स, आणि विषय काय, तर द्रावणातलं प्रथिन कसं मोजायचं! पद्धत वापरली की ती उद्धृत करावी लागते. याउलट एखादा शोध पाठ्यपुस्तकात पोहोचला की मूळ निबंधाचं नाव घेणंच थांबतं. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा उल्लेख करताना आज कोण वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ चा निबंध उद्धृत करतं?

प्रश्न : माझ्या पीएचडीचा मुख्य निबंध प्रसिद्ध होऊन सहा वर्षं झाली. सायटेशन्स फक्त ११. काम वाया गेलं असं वाटतं.

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्हाला लिन-४ ची गोष्ट सांगतो. १९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस यांच्या प्रयोगशाळेने एका सूत्रकृमीच्या वाढीचा क्रम ठरवणारं हे जनुक वेगळं केलं. त्यातून प्रथिन बनतच नव्हतं, बनत होता फक्त सुमारे २२ अक्षरांचा इवलासा आरएनए. ‘सेल’ या जर्नलच्या त्याच अंकात गॅरी रुव्हकुन यांच्या गटाने हा आरएनए दुसऱ्या जनुकाच्या संदेशाला चिकटून त्याला कसा आवरतो ते दाखवलं. बहुतेकांनी ते एका किड्याचं वैचित्र्य मानलं. पुढची सात वर्षं जवळजवळ शांतता. २००० मध्ये रुव्हकुन यांच्याच गटाला असाच इवलासा आरएनए बनवणारं लेट-७ हे जनुक सापडलं, आणि ते माणसासह कितीतरी प्राण्यांत जसंच्या तसं आहे हे दिसलं. मग अशा इवल्याशा आरएनएंवरच्या, म्हणजे मायक्रो-आरएनएवरच्या, निबंधांचा पूर आला. दोघांना नोबेल मिळालं ते २०२४ मध्ये.

प्रत्येक दुर्लक्षित निबंधाचं असं होत नाही, हे खरं. पण त्या अकरांत कोण आहे ते पाहा. तुमच्या निष्कर्षावर कुणी पुढचा प्रयोग उभा केला असेल, तर प्रस्तावनेत ओझरता उल्लेख करणाऱ्या शंभरांपेक्षा मी त्याला जास्त मोल देईन.

प्रश्न : बायोडेटात प्रत्येक निबंधापुढे जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर लिहावा का?

उत्तर : मी लिहीत नाही. तो आकडा त्या जर्नलच्या आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना मिळालेल्या सायटेशन्सची सरासरी सांगतो. थोडे निबंध प्रचंड उद्धृत होतात आणि तीच सरासरी बाकीच्यांच्या नावावर चढते. २०१२ च्या अखेरीस अमेरिकन सोसायटी फॉर सेल बायोलॉजीच्या बैठकीत सुरू झालेल्या ‘डोरा’ या जाहीरनाम्याची पहिली शिफारसच ही आहे, की माणसाचं मूल्यमापन जर्नलच्या आकड्यावरून करू नका. त्या जागी निबंधात तुमचा वाटा काय होता ते दोन ओळींत लिहा.

प्रश्न : आठ लेखकांत माझं नाव सहावं आहे. त्याला काही किंमत आहे का?

उत्तर : आमच्या जीवशास्त्रात पहिलं नाव बहुतेक प्रयोग करणाऱ्याचं, शेवटचं प्रयोगशाळाप्रमुखाचं. मधली नावं पाहणाऱ्याला काही सांगत नाहीत. म्हणून निबंधाखालच्या लेखकांच्या योगदानाच्या टिपेत ‘इन-सिटू हायब्रिडायझेशन’ (जनुक ऊतीत कुठे काम करतं ते दाखवणारी पद्धत) वा ‘इमेजिंग’ असा तुमच्या कामाचा नेमका उल्लेख येईल हे पाहा, आणि तो निबंध पाठवण्याआधीच ठरवून घ्या.

प्रश्न : सायटेशन्स मोजणाऱ्या दोन सेवांपैकी गुगल स्कॉलर माझ्या ४१२ सायटेशन्स दाखवतं, वेब ऑफ सायन्स २८७. कोणता आकडा द्यावा?

उत्तर : दोन्ही चालतील, फक्त स्रोत आणि तारीख सोबत लिहा. गुगल स्कॉलर प्रबंध, पुस्तकं, प्रीप्रिंट (जर्नलच्या तपासणीआधीच खुले केलेले निबंध) असं सगळं मोजतं. वेब ऑफ सायन्स निवडक जर्नल्सपुरतं राहतं. एका अर्जात मात्र एकच स्रोत वापरा. आणि प्रोफाइलमध्ये तुमच्या नावाच्या दुसऱ्याच कुणाचे निबंध शिरलेले नाहीत ना, ते आज तपासा.