वाचकांचे प्रश्न : क्लबच्या पुरस्कार रात्रीला जाताना

इंग्लंडमधले फुटबॉल क्लब हंगाम संपत आला की, साधारण एप्रिलअखेर किंवा मे महिन्यात, पुरस्कारांची मेजवानी ठेवतात. अनेक क्लब तिची तिकिटं चाहत्यांनाही विकतात. तिथल्या मराठी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही या अंकात घेतले आहेत.

जाहिरातीत तिकिटाचे १५० पौंड होते, बिल १८० पौंडांचं आलं. आणि आमच्यासोबत जेवायला बसणार असलेला ‘टेबलावर खेळाडू’ म्हणजे नेमका कोण?
— एक वाचक, लेस्टर

वरचे ३० पौंड व्हॅटचे. अशा कार्यक्रमांचे दर बऱ्याचदा ‘अधिक व्हॅट’ असे छापतात आणि ब्रिटनमध्ये तो २० टक्के आहे. दहा जणांचं टेबल घेतलंत तर १,५०० चे १,८०० होतात. वर्गणी काढायची असेल तर हा हिशेब आधीच करा, नाहीतर शेवटच्या माणसाकडे पैसे मागायची पाळी येते.

खेळाडूबद्दल अटी नीट वाचा. ‘पहिल्या संघातील एक खेळाडू’ एवढंच लिहिलेलं असेल तर क्लब कोणत्याही नावाला बांधील नसतो. तो राखीव गोलरक्षक असू शकतो, दुखापतीमुळे बाहेर बसलेलाही असू शकतो. आमच्या मते अशाच खेळाडूशी गप्पा जास्त रंगतात, कारण त्याच्याभोवती गर्दी नसते. निमंत्रणावर ‘कॅरेजेस १२.००’ असं दिसलं तर गोंधळू नका. मध्यरात्री कार्यक्रम संपतो, घरी न्यायला गाडी तेव्हा बोलवा, एवढाच त्याचा अर्थ. शेवटची ट्रेन त्याआधी सुटत असेल तर टॅक्सी आधीच ठरवून ठेवा.

जर्सीवर सही कशी घ्यायची? मागच्या वर्षी घेतलेली सही फिसकटली.
— एक वाचक, मँचेस्टर

फिसकटण्याची कारणं साधारण तीन असतात : सैल कापड, चुकीचं पेन आणि घाईत घातलेली घडी.

जर्सीचं पॉलिस्टर विणलेलं असतं. खाली आधार नसला तर पेनाच्या टोकाबरोबर कापड सरकतं आणि अक्षरं तुटतात. ए-फोर आकाराचा जाड पुठ्ठा जर्सीच्या आत सरकवा, कापड ताणून मागून दोन क्लिपा लावा. पुठ्ठ्यामुळे शाई मागच्या बाजूला उतरत नाही. पांढऱ्या किंवा फिक्या जर्सीवर बारीक टोकाचं काळं पर्मनंट मार्कर चालतं, जाड टोकाची शाई धाग्यांतून पसरते. लाल किंवा गडद निळ्या जर्सीवर काळी सही दोन हातांवरून दिसत नाही, तिथे रुपेरी किंवा पांढरं पेंट मार्कर लागतं. ते हलवून, टोक दाबून, रंग उतरेपर्यंत रद्दी कागदावर चालवून मगच खेळाडूच्या हातात द्या. कोरडं पेन दिलंत तर पहिलं अक्षर उमटत नाही आणि तो तेच पुन्हा गिरवतो.

सही पाठीवरच्या आकड्यावर घ्यावी असं अनेकांना वाटतं, कारण तिथे ती उठून दिसते. पण आकडा प्लॅस्टिकसारख्या गुळगुळीत थराचा असतो. शाई त्यात मुरत नाही, वरच राहते आणि बोट लागलं की निघते. सही कापडावरच घ्या. त्यानंतर दहा मिनिटं तरी जर्सी उघडी ठेवा, घरी नेताना सहीवर बटर पेपर घालून गुंडाळी करा आणि एक दिवस तशीच राहू द्या. ती पुन्हा धुवायची नाही, इस्त्रीही करायची नाही. फ्रेम करताना काच कापडाला टेकू देऊ नका, जर्सी डिंकाने न चिकटवता टाक्यांनी पुठ्ठ्यावर बसवा. उन्हाची भिंत टाळा. अतिनील किरण अडवणारी काच महाग पडते, पण तिथे काटकसर करू नये.

वेळही साधावी लागते. सुरुवातीचा पेयपानाचा अर्धा-पाऊण तास हीच खरी संधी. पहिली डिश आली की उठू नका. पुरस्कार संपल्यावर थांबू असं ठरवलंत तर बहुधा हुकतं, कारण हंगाम चालू असेल तर दुसऱ्या दिवशी सराव असतो आणि खेळाडू लवकर निघतात. काही ठिकाणी टेबलाशी जाऊन सही मागायला मनाई असते, ते दारातच विचारून घ्या. सहीबरोबर स्वतःचं नाव लिहून मागा. जर्सी विकायला नेत नाही हे त्यावरून कळतं आणि खेळाडू आनंदाने थांबतो. ‘तुम्ही ग्रेट आहात’ म्हणण्यापेक्षा एखाद्या सामन्यातल्या एका क्षणाबद्दल विचारा, उत्तर मनापासून मिळतं.

आम्ही जैन आहोत. ‘व्हीगन’ लिहिलं की पुरेल का?
— एक वाचक, हॅरो

नाही. व्हीगन (प्राणिजन्य काहीही नसलेल्या) ताटात कांदा, लसूण, बटाटा सर्रास असतात. ‘कांदा, लसूण, बटाटा, गाजर, जमिनीखाली वाढणारं काहीही नको, अंडं नको’ अशी यादी ईमेलने किमान दोन आठवडे आधी पाठवा आणि लेखी होकार घ्या. नुसतं ‘शाकाहारी’ सांगणाऱ्यांनाही तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात : पार्मेझान चीज वासराच्या रेनेटने (जठरातून काढलेल्या, दूध गोठवणाऱ्या पदार्थाने) बनतं, मूस किंवा पन्ना कोट्टा या गोड पदार्थांत प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन असू शकतं आणि वूस्टर सॉसमध्ये पारंपरिकपणे अँकोव्ही मासे असतात.

वेगळं ताट खुर्चीच्या क्रमांकावर येतं. गप्पांसाठी जागा बदललीत की तुमचं ताट शेजाऱ्यापुढे आणि त्याचं कोकरू तुमच्यापुढे येतं. जेवण होईपर्यंत जागा सोडू नका.

‘ब्लॅक टाय’ला (औपचारिक पोशाखाच्या अटीला) बंदगळा चालेल?
— एक वाचक, रेडिंग

काळा बंदगळा सहसा चालतो, साडीही. खात्रीसाठी आयोजकांना एक ओळ लिहा. क्लबची जर्सी घालून मात्र जाऊ नका, ती पिशवीत ठेवा.

लिलावातली ‘मॅच-वॉर्न’ (सामन्यात घातलेली) जर्सी खरी कशी ओळखायची?
— एक वाचक, लीड्स

कोणत्या सामन्यात वापरली हे लेखी मागा. नुसतं ‘या हंगामातली’ पुरेसं नाही. सामना कळला की त्या दिवशीचे फोटो शोधून बाहीवरच्या बिल्ल्याची आणि आकड्याची जागा ताडून पाहा. ते हाताने दाबून बसवतात, त्यामुळे प्रत्येक जर्सीत थोडा फरक असतो. ‘प्लेअर इश्यू’ म्हणजे खेळाडूसाठी तयार केलेली, घातलेली असेलच असं नाही. मोबाइलवर लागणारी बोलीही बंधनकारक असते, म्हणून आकडा जेवणाआधी ठरवा, वाइननंतर नव्हे. रॅफलची (सोडतीची) तिकिटं देणगी धरली जात नाहीत, त्यांवर गिफ्ट एड (देणगीवरचा कर सरकारकडून संस्थेला मिळण्याची सोय) मिळत नाही.

शेवटच्या सामन्यात ज्याने दोन गोल केले त्याला पुरस्कार का नाही?
— एक वाचक, न्यूकॅसल

ट्रॉफीवर नाव कोरावं लागतं, म्हणून मतदान आधीच बंद होतं. शिवाय मतदार कोण तेही पाहा. मँचेस्टर युनायटेडचा सर मॅट बस्बी पुरस्कार चाहत्यांच्या मतांवर ठरतो; १९८८ मध्ये तो पहिल्यांदा ब्रायन मॅक्लेअरला मिळाला. ‘प्लेअर्स प्लेअर’ संघातले सहकारी निवडतात. त्यांना रोजचा सराव दिसतो, आपल्याला फक्त सामना. म्हणून दोन पुरस्कारांवर दोन वेगळी नावं आली तर त्यात गडबड शोधू नका.