कमरेची पट्टी आणि तीन पावलं

प्रश्न : आम्ही लेस्टरला राहतो. सात वर्षांची मुलगी टॅग रग्बी खेळते, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडायचं नाही, त्याच्या कमरेच्या पट्टीला वेल्क्रोने लावलेली फीत (टॅग) ओढून काढायची. तिची पट्टी फिरून टॅग पोटावर येतो आणि पंच हटकतात. टॅग निघाल्यावर ती गोंधळून उभीच राहते. काय करावं?

उत्तर : शर्ट आत खोचा, पट्टी त्यावर घट्ट बांधा. दोन्ही टॅग बरोबर कमरेच्या दोन बाजूंना लोंबले पाहिजेत. पट्टीचं उरलेलं टोक आत खोचायला विसरू नका. प्रतिस्पर्धी टॅग समजून तेच ओढतात आणि पट्टी फिरते. वेल्क्रोत गवत अडकलं की टॅग धावतानाच गळतो, जुन्या टूथब्रशने तो झाडून घ्या.

टॅग निघाला की तीन पावलांत चेंडू पास करायचा, तोही मागे किंवा आडवा, पुढे नाही. टॅग काढणारा ‘टॅग!’ ओरडून तो परत देतो. टॅग पुन्हा पट्टीला लावल्याशिवाय तिने खेळात शिरायचं नाही. इथेच मुलं घाई करतात. अंगणात तीन नंबरचा (लहान मुलांच्या आकाराचा) चेंडू घेऊन ‘टॅग, पास, टॅग लाव’ एवढंच रोज दहा वेळा करून घ्या. हाताने टॅग झाकायची सवय मात्र आत्ताच मोडा, तो फाउल आहे.