सोलापूरच्या टॉवेलवर युरोपात पाकिस्तान-बांगलादेशपेक्षा जास्त ड्युटी का? आणि तरीही माल पाठवायचा तर काय सांभाळायचं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं : अक्कलकोट रोडला तुमचे यंत्रमाग आहेत, टेरी टॉवेल निघतो. जर्मनीच्या एका खरेदीदाराने भाव मागवला आणि ‘पाकिस्तानचा माल ड्युटीमुळे स्वस्त पडतो’ असं कळवलं. भारतही विकसनशील देशच, मग सवलत त्यांनाच का, आणि या अवस्थेत थेट निर्यात करण्यात अर्थ आहे का?

अर्थ आहे. पण आधी ड्युटीचं गणित नीट समजून घ्या, कारण खरेदीदार भाव पाडायला हेच वापरतो.

कॉटन टेरी टॉवेलचा एचएस कोड (कस्टम्समध्ये माल ओळखण्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) ६३०२ ६० आणि युरोपियन युनियनचा मूळ दर १२ टक्के. विकसनशील देशांच्या मालावर कमी आयात शुल्क घ्यायचं, ही जीएसपी योजना युरोपने १९७१ मध्ये सुरू केली. तिचा ठराव १९६८ साली आपल्याच नवी दिल्लीत, अंक्टाड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-विकास संस्थेच्या परिषदेत झाला होता. आज त्या योजनेत तीन पायऱ्या आहेत. साध्या जीएसपीत, जिथे भारत आहे, कापड-कपड्यांना मूळ दराच्या फक्त पंचमांश सूट, म्हणजे १२ चे ९.६ टक्के. त्यावर जीएसपी प्लस : मानवाधिकार, कामगार, पर्यावरण, सुशासन यांवरचे २७ आंतरराष्ट्रीय करार मान्य करून पाळायचे, त्या बदल्यात बहुतेक मालावर शून्य. पाकिस्तान १ जानेवारी २०१४ पासून इथे आहे. आणि सगळ्यात वर, अतिअविकसित देशांसाठी २००१ पासून शस्त्रं सोडून सगळ्यावर शून्य. बांगलादेश इथे बसतो. संयुक्त राष्ट्रांनी त्याला या वर्गातून बाहेर पडायला २४ नोव्हेंबर २०२६ ही तारीख ठरवून दिली. पण बाहेर पडल्यावरही युरोप तीन वर्षं सवलत चालू ठेवतो, तेव्हा लगेच फरक पडेल असं धरू नका.

तुर्कस्तान तर या योजनेतच नाही. त्याचा युरोपशी १९९५ च्या शेवटापासून कस्टम्स युनियन आहे, त्यामुळे तिथल्या देनिझली शहराचा टॉवेल बिनशुल्क जातो आणि ट्रकने काही दिवसांत पोचतो. मला विचाराल तर सोलापूरचा खरा स्पर्धक देनिझली आहे, कराची नंतर.

भारताला जीएसपी प्लस का नाही? तिथे फक्त करार मानून भागत नाही. युरोपच्या जीएसपी आयातीत देशाचा वाटा ठराविक मर्यादेच्या आत असावा लागतो आणि निर्यात मोजक्याच मालावर अवलंबून असावी लागते. भारत त्यात बसत नाही. उलट आपली एखाद्या विभागातली निर्यात फार वाढली की साधी सवलतही काढून घेतात. सूत आणि थानातलं कापड २०१४ पासून असंच बाहेर गेलं. आपण गप्प बसलो असंही नाही. अमली पदार्थविरोधी लढ्याच्या नावाखाली पाकिस्तानसह बारा देशांना दिलेल्या खास सवलतीवर भारताने २००२ मध्ये डब्ल्यूटीओत तक्रार केली आणि २००४ मध्ये ती जिंकली. पण निकालात असंही आलं की विकसनशील देशांत फरक करता येतो, फक्त निकष वस्तुनिष्ठ आणि सगळ्यांना सारखे हवेत. युरोपने तसे निकष बांधून २००५ मध्ये जीएसपी प्लस आणलं, आणि पुढे त्याच वाटेने पाकिस्तान आत आला.

आता हिशेब. ड्युटी सीआयएफ किमतीवर लागते, म्हणजे मालाची किंमत अधिक भाडं अधिक विमा. २०,००० युरोच्या मालावर १२ टक्क्यांनी २,४०० युरो, ९.६ ने १,९२०, पाकिस्तानी मालावर काही नाही. जर्मनीतला १९ टक्के आयात व्हॅट सगळ्यांनाच लागतो आणि खरेदीदाराला परत मिळतो, त्यामुळे तो ‘आमचा खर्च’ म्हणून सांगत असेल तर मान्य करू नका. कुठल्या विभागाची सवलत चालू आणि कुठली बंद, याची यादी ठराविक वर्षांनी बदलते. म्हणून भाव देण्याच्या दिवशी युरोपियन कमिशनच्या ‘अॅक्सेस टू मार्केट्स’ पोर्टलवर कोड, भारत आणि जर्मनी टाकून दर पाहा, त्या पानाची प्रिंट कोटेशनच्या फाइलला लावा. सवलत चालू असेल आणि खेप ६,००० युरोवरची असेल, तर रेक्स (नोंदणीकृत निर्यातदार) नोंदणी करून इन्व्हॉइसवर मूळ देशाचं निवेदन छापावं लागतं. ते बारा महिने चालतं. सुताची बिलं जपून ठेवा. सूत, विणाई, शिलाई सगळं भारतातलं असल्याने सिद्ध करणं सोपं, पण कागद हवा.

भारत-युरोप मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा जानेवारी २०२६ मध्ये झाली, आणि वस्त्रांवर शून्य शुल्क त्यात ठरलं आहे. पण घोषणा झाली म्हणजे कस्टम्सचा दर बदलला असं नाही. सह्या, युरोपीय संसदेची मंजुरी आणि अंमलाची तारीख हे सगळं व्हावं लागतं. त्या भरवशावर आज भाव उतरवू नका. ब्रिटन युरोपियन युनियनबाहेर आहे, त्याचा दर आणि करार वेगळा.

हे झालं दिल्ली-ब्रसेल्सच्या हातातलं. तुमच्या हातात आहे ते डाईंग, आणि सोलापूरचा माल परत येतो तो बहुतेक तिथेच. युरोपचा रसायनांवरचा रीच कायदा देश बघत नाही, सगळ्यांना सारखाच. बंदी असलेल्या अॅझो रंगांतून सुटणाऱ्या अमाइनची मर्यादा किलोला ३० मिलिग्रॅम, फॉर्मल्डिहाइड ७५ मिलिग्रॅम, आणि एनपीई (धुलाईच्या साबणांतलं एक रसायन) ०.०१ टक्का, म्हणजे किलोला १०० मिलिग्रॅम. पहिलं लेबल नसलेल्या सुट्या रंगातून येतं, दुसरं जुन्या पद्धतीच्या फिक्सरमधून, तिसरं स्वस्त साबण आणि वेटिंग एजंटमधून. डाईंग बाहेरून करून घेत असाल तर डब्यावरची कंपनी, बॅच नंबर आणि सुरक्षा पत्रक लॉटगणिक मागा. ‘आपला नेहमीचाच रंग आहे’ हे उत्तर चालवून घेऊ नका.

गडद लाल, मरून, नेव्ही या शेडवर विशेष लक्ष ठेवा. रिअॅक्टिव्ह रंगाचा जो भाग धाग्याशी जुळत नाही तो नुसता चिकटून राहतो. न्यूट्रल करून ९०-९५ अंशांवर सोपिंग (साबणाच्या पाण्यात धुलाई) आणि पुरेसे गरम वॉश दिले तरच तो निघतो. घाईत एखादा वॉश वगळला, किंवा बोअरचं जड पाणी तसंच वापरलं, की कोरडं घासून टॉवेल पास होतो आणि ओलं घासलं की पांढऱ्या फडक्यावर रंग उतरतो. माल निघण्याआधी हे स्वतः करून बघा : पांढरं सुती फडकं ओलं करून पिळा, बोटाला गुंडाळा आणि लूपवर दहा वेळा दाबून घासा. फडकं गुलाबी झालं तर तो लॉट पुन्हा सोपिंगला. मऊपणासाठी सिलिकॉन जास्त मारलं तर टॉवेल पाणी शोषत नाही. थेंब टाका, तो वर मण्यासारखा थांबला तर सॉफ्टनर कमी करा.

वजनातही भांडण होतं. ७० × १४० सेंटिमीटर, ५०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) म्हणजे नग ४९० ग्रॅम. ४६० भरला तर सहा टक्के कमी, आणि तेवढ्यावर खरेदीदार पैसे कापतो. पावसाळी दमट हवेत कापूस जड भरतो, प्रयोगशाळा मात्र २० अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेत वजन करते. करारात जीएसएमसोबत ‘अधिक-उणे किती टक्के’ हे लिहून घ्या, आणि आकार धुण्याआधीचा की नंतरचा तेही.

लेबलवर धाग्याचं प्रमाण लागतंच, आणि ज्या देशात विकायचं त्या देशाच्या भाषेत. ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० हे घातक रसायनं नसल्याचं प्रमाणपत्र कायद्याने सक्तीचं नाही, पण बरेच खरेदीदार त्याशिवाय बोलत नाहीत. अंगाला लागणारा टॉवेल म्हणून क्लास दोन मागा. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेलला भारतात जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, तो युरोपात आपोआप लागू होत नाही.

कागदपत्रांत आयईसी (आयात-निर्यात क्रमांक), बँकेचा एडी कोड (कस्टम्सला द्यायचा बँकेचा क्रमांक), टेक्सप्रोसिल (सुती कापड) किंवा पीडेक्सिल (यंत्रमाग) या निर्यात परिषदेची आरसीएमसी, म्हणजे सदस्यत्वाचं प्रमाणपत्र. एचएस कोडच्या ६३ व्या प्रकरणातला माल असल्याने रोस्कटलचा (निर्यात मालावरचे केंद्र-राज्याचे कर परत देणारी योजना) परतावा चालू असेल तर तो शिपिंग बिल भरतानाच मागायचा असतो. पहिल्या खेपेला एफओबी न्हावा शेवा, म्हणजे तिथे जहाजावर माल चढेपर्यंतचा, भाव द्या. डीडीपी (ड्युटी भरून दारात पोच) कबूल करू नका, नाहीतर तिथली ड्युटी तुमच्याच खिशातून जाईल. उधारीवर माल मागितला तर आधी ईसीजीसी या सरकारी निर्यात-पत विमा कंपनीकडून त्या खरेदीदाराची मर्यादा मंजूर करून घ्या, मग ताणा लावा.