शब्दचर्चा : रॅपमधला ‘निगा’ आणि मराठीतला ‘काळ्या’

प्रश्न असा आहे की, अमेरिकेतले कृष्णवर्णीय रॅप गायक एकमेकांना सर्रास ‘निगा’ म्हणतात, मग तोच शब्द गोऱ्या माणसाने उच्चारल्यावर गदारोळ का होतो, आणि अशा गाण्याचा मराठी अनुवाद करताना त्या जागी ‘काळ्या’ घातले तर चालेल का.

आपली ‘निगा राखणे’तली निगा फारसी ‘निगाह’वरून आली, तिचा या शब्दाशी काही संबंध नाही. याचे मूळ ‘काळा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. तेथून तो स्पॅनिश, पोर्तुगीज आणि फ्रेंच यांच्या मार्गाने इंग्रजीत शिरला आणि गुलामांच्या बाजारात, कापसाच्या मळ्यांवर वापरला जाता जाता ‘निगर’ ही शिवी होऊन बसला. ‘सिस्टर’चे ‘सिस्टा’ आणि ‘गँगस्टर’चे ‘गँगस्टा’ व्हावे त्याच उच्चारनियमाने कृष्णवर्णीयांच्या बोलीत त्याचे ‘निगा’ झाले. ‘र’ असेल तर शिवी आणि नसेल तर आपुलकीची हाक, असे पुष्कळदा सांगितले जाते, पण मला ते अर्धेच पटते. कारण दक्षिणेकडच्या गोऱ्या मळेवाल्यांच्या बोलण्यातही शेवटचा ‘र’ गळत असे, आणि म्हणून त्यांची शिवी काही सौम्य झाली नव्हती.

अर्थ ठरतो तो कोण कोणाला म्हणतो यावरून. बालमित्राने ‘काय रे मेल्या’ म्हणून पाठीत धपका घातला तर आपण हसतो. तेच साहेबाने शिपायाला म्हटले तर तो अपमान ठरतो. अर्थात ही उपमा लंगडी आहे, कारण ‘मेल्या’च्या पाठीशी माणसे विकल्याचा इतिहास नाही. त्यापेक्षा जवळचे उदाहरण जालंधरच्या गिन्नी माही या गायिकेचे आहे. जे जातीचे नाव शिवीसारखे तोंडावर फेकले जाते, तेच ‘डेंजर चमार’ या गाण्यात ती ताठ मानेने गाते. पण अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या कोणी तेच नाव चारचौघांत हिणवण्यासाठी उच्चारले, तर १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हा ठरतो.

हा शब्द आपलासा करण्याबाबत खुद्द कृष्णवर्णीयांत एकमत आहे असे मात्र समजू नये. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमधल्या ‘एन. डब्ल्यू. ए.’ (यातला ‘एन’ म्हणजे हाच शब्द) या रॅप-गटाने १९८०च्या दशकात तो थेट आपल्या नावात घेतला. याउलट विनोदवीर रिचर्ड प्रायर याने, ज्याच्या कार्यक्रमांत हा शब्द पावलोपावली येई, १९७९च्या केनिया-प्रवासानंतर तो कायमचा सोडला. २००७ साली ‘एनएएसीपी’ या जुन्या नागरी हक्क संघटनेने डेट्रॉइटमध्ये या शब्दाची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली, आणि पुढच्याच वर्षी नास या रॅपरला आपल्या अल्बमला दिलेले हे नाव दबावामुळे मागे घ्यावे लागले. एवढे होऊनही गाण्यांतून शब्द गेला नाही.

गोऱ्यांच्या तोंडी तो का चालत नाही, हे मे २०१८मध्ये अलाबामातल्या एका महोत्सवात दिसले. केंड्रिक लमार या कृष्णवर्णीय रॅपरने एका गोऱ्या चाहतीला आपले गाणे म्हणायला मंचावर बोलावले. तिने ओळींत आलेला तो शब्द जसाच्या तसा म्हटला आणि प्रेक्षक ओरडू लागले. लमारने गाणे थांबवून तिला तेवढा एक शब्द गाळायला सांगितले. ओळ त्याचीच होती, पण ती म्हणणारा ‘मी’ बदलला होता.

आता मराठीकडे येतो. ‘काळ्या’ मुळीच चालणार नाही, कारण आपण तो घरच्या पोरालाही लाडाने म्हणतो, आणि विठोबाला ‘काळा’ म्हणताना तर कोणाच्या मनात तुच्छता नसते. ‘हबशी’ही नको, तो मुळात अ‍ॅबिसिनियाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या, ‘हबश’ या अरबी नावावरून आलेला शब्द असून मलिक अंबरच्या संदर्भात आपण तो आदरानेच वाचतो. मित्राला हाक असेल तेथे मी ‘गड्या’ किंवा ‘भावा’ घेईन. रॅपमध्ये कित्येकदा हा शब्द चक्क सर्वनामासारखा येतो, म्हणजे बोलणारा तो स्वतःलाच लावतो. तेथे ‘हा गडी काही मागे हटणार नाही’ यातला ‘हा गडी’ नेमका बसतो. गोऱ्या मालकाच्या तोंडी मात्र मूळ शब्दच ठेवावा. अशाने एकच शब्द दोन्हीकडे असल्याची बोच मराठीत हरवते; ती भरून काढायला तळटीप देण्यावाचून मला तरी दुसरा उपाय दिसत नाही.