टेलिस्कोप राहू दे, आधी तिचा ग्रुप तिला परत द्या

ताई, तुमचं पत्र सविस्तर आहे आणि मार्कांचा हिशेब तर त्यात अगदी पद्धतशीर दिलाय. दहावीला 91 टक्के, अकरावीच्या पहिल्या सहामाहीत 68, क्लासच्या टेस्टमध्ये रँक खाली, आणि हे सगळं मुलगी आकाशनिरीक्षणाच्या ग्रुपमध्ये जायला लागल्यापासून झालं असं तुमचं म्हणणं. म्हणून दोन महिन्यांपूर्वी तुम्ही तिचं जाणं बंद केलंत, ग्रुपच्या व्हॉट्सअ‍ॅपमधूनही बाहेर पडायला लावलंत, आणि आता तिच्यासमोर दोन पर्याय ठेवलेत. यात खरंच करिअर होत असेल तर त्याच्या एंट्रन्सची तयारी आत्तापासून सुरू कर, मी घरच्या गच्चीवर चांगला टेलिस्कोप घेऊन देते, नाहीतर बारावी होईपर्यंत हे खूळ डोक्यातून काढून टाक. आणि मला विचारलंय, खगोलशास्त्रात जायला कोणती परीक्षा द्यायची आणि त्यात पैसा आहे का.

परीक्षेचं एका ओळीत सांगते: बारावीला फिजिक्स-मॅथ्स, मग आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा किंवा जेईई किंवा साधी बीएस्सी फिजिक्स, पुढे एमएस्सी, पुढे पीएचडी. कायमस्वरूपी संशोधनाच्या जागा थोड्या आणि स्पर्धा मोठी. यातलं काहीही तिने आज ठरवायची गरज नाही.

मला काळजी वाटली ती तुमच्या पत्राच्या शेवटाकडे सहज येऊन गेलेल्या एका वाक्याची. तुम्ही लिहिलंय, 'आता घरात फारशी बोलत नाही, पण निदान पुस्तक घेऊन बसते तरी.' ताई, सोळा वर्षांची मुलगी दोन महिने घरात बोलत नाहीये आणि ते पत्रात 'पण'च्या अलीकडे आलंय. या दोन महिन्यांत मार्क वाढले का हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही, वाढले असते तर नक्की लिहिलं असतंत असं मला वाटतं. आणि एवढ्या मोठ्या पत्रात तिला स्वतःला काय हवंय याचं एकही वाक्य नाही, हे मला जास्त खटकलं.

आता मार्कांचा आणि ग्रुपचा संबंध बघू. तुम्हीच लिहिलंय की ग्रुप महिन्यातून एकदा, अमावस्येच्या जवळच्या शनिवारी बाहेर जातो. म्हणजे महिन्याला एक रात्र, आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ झोपेत गेली असं धरू. तिचं कॉलेज आणि क्लास मिळून आठवड्याचे सहा दिवस सकाळी सहा ते संध्याकाळी सात, आणि रविवारी टेस्ट, हेही तुमच्याच पत्रात आहे. 91 चे 68 त्या एका रात्रीमुळे झाले हे मी मान्य करणार नाही. दहावी आणि अकरावी सायन्समध्ये उडी मोठी असते, दहावीला पाठ करून चालतं, अकरावीला व्हेक्टर आणि कॅल्क्युलस समोर आले की पाठांतराचा उपयोग संपतो, आणि दहावीला नव्वदच्या पुढे असलेली कितीतरी मुलं तिथे पहिल्यांदा गडगडतात, ज्यांना कसलाही छंद नाही ती सुद्धा. कारण शोधायचंच असेल तर तिथे शोधा, आणि ती रोज किती तास झोपते तेही बघा. ग्रुप सगळ्यात सोपा सापडला म्हणून तो बंद केला गेला, असं मला स्पष्ट वाटतं.

दुसरी गोष्ट. तुम्ही लिहिलंय की ती तिथे शाळेच्या मुलांना दुर्बिणीतून शनी दाखवत उभी होती, 'म्हणजे फुकटची हमाली'. हा शब्द मला लागला. दुर्बिणीतून दुसऱ्याला काही दाखवणं काय असतं ते ऐका. पृथ्वी फिरत असते म्हणून शनी आयपीसमधून, म्हणजे डोळा लावतो त्या भिंगातून, सतत सरकत असतो, मोठ्या मॅग्निफिकेशनला तर मिनिटभरात बाहेर जातो, त्यामुळे दर एक-दोन मुलांनंतर दुर्बीण हलक्या हाताने पुन्हा जागेवर आणावी लागते. लहान मूल आधी आयपीसलाच हात लावतं, चित्र हलतं, मग दुसरा डोळा कसा मिटायचा तेच त्याला कळत नाही, आणि 'दिसलं?' विचारलं की न दिसताच 'हो' म्हणतं. त्याला खरंच दिसलंय की ते लाजून हो म्हणतंय हे ओळखायचं, मागे रांग ताटकळत असते तिला सांभाळायचं, आणि पन्नासाव्या मुलाला तेच पहिल्याइतक्या उत्साहाने सांगायचं. तुमची मुलगी हे करत होती, कुणी न सांगता. जॉन डॉब्सन नावाच्या माणसाने 1968 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत हेच सुरू केलं, साधी स्वस्त दुर्बीण बनवायची, फुटपाथवर लावायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलवून चंद्र दाखवायचा. आज जगभरचे हौशी लोक ज्या प्रकारच्या दुर्बिणी वापरतात त्यातल्या एका फार लोकप्रिय प्रकाराला त्याचंच नाव आहे, डॉब्सोनियन.

आणि ती वही. तुम्ही लिहिलंय, 'वहीत अभ्यास नाही, नुसते ठिपके, वेळा आणि 2.4, 2.9, 3.2 असे आकडे, वर अल्गोल असं काहीतरी नाव.' ती वही फेकली नसेल अशी मनापासून आशा करते. अल्गोल हा ययाती तारकासमूहातला तारा, नुसत्या डोळ्यांना दिसतो, आणि दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी तो मंद होतो, 2.1 प्रतीवरून 3.4 पर्यंत उतरतो (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, तो जितका मोठा तितका तारा मंद) आणि परत वर येतो, सगळं मिळून साधारण दहा तासांत. कारण ते एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे आहेत आणि मंद तारा तेजस्वी ताऱ्याच्या पुढे येतो. तुमची मुलगी शेजारच्या, तेज माहीत असलेल्या ताऱ्यांशी तुलना करून दर थोड्या वेळाने त्याची प्रत लिहीत होती. याचा एक नियम असा की आपला आकडा लिहून होईपर्यंत शेजारच्याचा विचारायचा नाही, कारण ऐकला की डोळा तेच बघायला लागतो. आणि आपला आकडा बाकीच्यांपेक्षा वेगळा निघाला तरी तो खोडायचा नाही. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला उत्तर आधी ठरवून रीडिंग लिहिणारी पोरं मी खूप बघितलीत, त्यामुळे एखादी मुलगी रात्री दोन वाजता जागून प्रामाणिकपणे रीडिंग लिहिते हे वाचून मला फार बरं वाटलं.

या ताऱ्याचा कालावधी पहिल्यांदा कुणी मोजला ते तिला विचारा, तिला माहीत असेल. जॉन गुडरिक, इंग्लंडमधल्या यॉर्कचा, लहानपणापासून ऐकू न येणारा मुलगा. 1783 मध्ये त्याचं काम लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेसमोर गेलं तेव्हा तो 18 वर्षांचा होता, आणि त्याच वर्षी त्याला सोसायटीचं कॉप्ले पदक मिळालं. एक काळोखा सोबती अल्गोलच्या पुढे येत असावा ही कल्पनाही त्यात होती, जी ताऱ्याच्या प्रकाशाचे रंग वेगळे करून मिळालेल्या वर्णपटाच्या पुराव्याने पक्की व्हायला 1889 उजाडलं. पण मला सांगायचंय ते वेगळंच. गुडरिक एकटा नव्हता. एडवर्ड पिगॉट हा शेजारी, त्याच्यापेक्षा दहा-अकरा वर्षांनी मोठा, आणि दोघं मिळून बघायचे, नोंदी ताडून बघायचे. तुम्ही विचारलंय ना, 'तिच्यापेक्षा दुप्पट-तिप्पट वयाच्या माणसांत तिचं काय काम?' हेच काम. वर्गात तिला फक्त तिच्या वयाची मुलं भेटतात आणि तिथे तिची ओळख म्हणजे रँक. त्या माळावर कुणी बँकेतलं असतं, कुणी रिटायर्ड शिक्षक, कुणी मेकॅनिक, आणि ज्याला आकाशातली वाट माहीत तो दुसऱ्याला दाखवतो, मग तो सोळाचा असो की सत्तरचा.

आता तो गैरसमज, जो माझ्याकडे आलेल्या कितीतरी पत्रांत असतो: आकाश बघायला आवडतं म्हणजे खगोलशास्त्रज्ञ व्हायचं, आणि व्हायचं नसेल तर आकाश बघण्यात वेळ घालवायचा नाही. दोन्ही बाजूंनी चूक. खगोलशास्त्रज्ञाचा दिवस बहुतेक कॉम्प्युटरसमोर जातो, पायथनमध्ये कोड लिहिणं, डेटा साफ करणं, स्टॅटिस्टिक्स, दुर्बिणीवर वेळ मिळावा म्हणून प्रपोजल लिहिणं, आणि मोठ्या दुर्बिणीचा वेळ मिळाला तरी आयपीसला डोळा लावायचा प्रश्नच नसतो, कॅमेरा बघतो, डेटा फाइल येते. ज्याला गणित आणि कोड आवडतं त्याच्यासाठी ते सुंदर काम आहे, पण अंधारात उभं राहून देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा गॅलेक्सी) शोधायचा आनंद त्यात असेलच असं नाही. उलट हौशी लोकांचं काम दुय्यमही नाही. रूपविकारी, म्हणजे अल्गोलसारख्या तेज कमी-जास्त होणाऱ्या, ताऱ्यांच्या नोंदी गोळा करणारी अमेरिकेतली एएव्हीएसओ ही संस्था 1911 पासून चालू आहे, तिच्याकडे जगभरातून आलेल्या कोट्यवधी नोंदी आहेत, त्यातल्या बऱ्याचशा हौशी लोकांच्या, आणि व्यावसायिक शास्त्रज्ञ त्या वापरतात कारण मोठ्या दुर्बिणीला एकाच ताऱ्याकडे वर्षानुवर्षं बघत बसायला वेळ नसतो. 2009 च्या जुलैत गुरूवर काहीतरी आदळल्याचा काळा डाग पहिल्यांदा अँथनी वेस्ली या ऑस्ट्रेलियातल्या हौशी निरीक्षकाने पकडला, पोटापाण्यासाठी तो कॉम्प्युटर प्रोग्रॅमर. त्याच्यानंतर मोठ्या वेधशाळांनी तिकडे दुर्बिणी वळवल्या. तुमची मुलगी उद्या सीए झाली, नर्स झाली, वकील झाली तरी हे सगळं तिच्यासाठी उघडं आहे. तेव्हा 'करिअर कर नाहीतर सोड' ही अट काढून टाका. या अटीने एक तर ती न आवडणारी डिग्री फक्त ग्रुप टिकवण्यासाठी निवडेल, नाहीतर आवडणारी गोष्ट सोडेल.

टेलिस्कोपबद्दल. तुम्ही प्रेमाने म्हणताय हे कळतंय, पण गच्चीवर एकटीला टेलिस्कोप देणं म्हणजे माणसं काढून घेऊन वस्तू देणं. एकट्याने घेतलेले टेलिस्कोप कपाटावर जातात, कारण पहिल्या काही रात्रींत काहीच सापडत नाही आणि सांगायला कुणी नसतं. हेल-बॉप धूमकेतू आठवतो? 1997 च्या मार्च-एप्रिलमध्ये नुसत्या डोळ्यांनी दिसत होता, कदाचित तुम्हीही बघितला असेल. तो 23 जुलै 1995 च्या रात्री दोघांना वेगवेगळा सापडला. अ‍ॅलन हेल खगोलशास्त्रात पीएचडी झालेले. थॉमस बॉप बांधकामाचं साहित्य करणाऱ्या कंपनीत नोकरीला, आणि त्यांच्याकडे स्वतःची दुर्बीण नव्हती. मित्रांबरोबर अंधाऱ्या जागी गेले होते, मित्राच्या दुर्बिणीतून एक तारकागुच्छ बघताना शेजारी एक पुसट ठिपका दिसला, नकाशात तिथे काहीच नव्हतं. नाव दोघांचं लागलं. काही घेऊनच द्यायचं असेल तर 10 बाय 50 ची, म्हणजे दहा पट मोठं दाखवणारी आणि 50 मिलिमीटर भिंगाची, चांगली बायनॉक्युलर द्या, आणि कुठली घ्यायची ते ग्रुपमधल्या लोकांना विचारू दे. खोक्यावर भलंमोठं मॅग्निफिकेशन छापलेल्या दुर्बिणीच्या नादी लागू नका, महत्त्व आरशाच्या किंवा भिंगाच्या व्यासाला असतं. आणि घरात दुर्बीण, बायनॉक्युलर काहीही आलं तरी योग्य फिल्टरशिवाय ते सूर्याकडे कधीही वळवायचं नाही, क्षणभरात डोळा जातो.

एक काळजी तुमची शंभर टक्के रास्त आहे आणि ती पत्रात तुम्ही फक्त अर्ध्या ओळीत लिहिलीत, मार्कांच्या मागे लपवल्यासारखी. रात्रभर, गावाबाहेर, अंधारात, अनोळखी मोठी माणसं. ही भीती असेल तर ती तिला सरळ सांगा, अभ्यासाचं कारण पुढे करू नका. मुलांना खरं कारण कळतंच, आणि खोटं कारण दिल्याचा राग जास्त टिकतो. आणि प्रश्न विचारा: जबाबदार कोण, अठराच्या आतली मुलं येतात तेव्हा पालकांची लेखी परवानगी घेतात का, बायका आणि मुली किती असतात, जाणं-येणं कसं, टॉयलेटची सोय काय, कुणी विचित्र वागलं तर कुणाला सांगायचं. चांगला ग्रुप या प्रश्नांवर चिडत नाही, त्याच्याकडे उत्तरं तयार असतात. जो चिडेल तिथे पाठवू नका, दुसरा शोधा, हे मी तितक्याच ठामपणे सांगते. पण आधी एकदा तुम्ही स्वतः जा, पूर्ण रात्र थांबा. मोबाईलची स्क्रीन लावू नका, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या उजेडात ती जाते, म्हणून तिथे सगळे लाल टॉर्च वापरतात. आणि तिला म्हणा, मला अल्गोल दाखव.

या येत्या अमावस्येला ग्रुप जाणार असेल तर तिला त्यात परत घ्यायला सांगा, फोन तुम्ही करा, कारण बाहेर तुम्ही काढायला लावलंत. दुसऱ्या दिवशीची टेस्ट एखाद्या महिन्यात बुडली तर बुडू दे. अभ्यासासाठी महिन्याचे बाकीचे दिवस आहेतच, तेव्हा नियम लावायचे असतील ते तिच्याशी बसून लावा. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स तिन्हीचे वेगवेगळे मार्क आणि तिच्या पेपरचे फोटो मला पाठवा, म्हणजे नक्की कुठे अडतंय ते बघता येईल. आणि पुढचं पत्र तिला स्वतःला लिहू दे, तुम्ही न वाचता पाठवा.